सोनार रजेवर गेला तेव्हा

ते यीस्टचं पाकीट टाकून देऊ नका रे, इकडे आणा. आई पावाचं पीठ मळतेय, ते फुगायला तास-दीड तास लागेल. तेवढ्यात आपली एक गोष्ट होते.

हे मोहरीहून बारीक दाणे आहेत ना, त्यातल्या एकेका दाण्यात असंख्य जीव झोपलेत. एक पेशी म्हणजे एक अख्खा जीव. 200 पेशी रांगेत उभ्या केल्या तर कुठे 1 मिलिमीटर भरेल. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालायचे, ती याच मंडळींसाठी.

या पेशीच्या पोटात एक मोठी पिशवी असते. थोरल्याच्या पुस्तकात तिला रिक्तिका म्हटलंय. रिक्त म्हणजे रिकामी. नाव ठेवणाऱ्याला आत काही दिसलं नाही, म्हणून रिकामी! बऱ्याच शास्त्रज्ञांना ती पेशीची कचराकुंडी वाटायची. 1988 साली योशिनोरी ओसुमी नावाच्या 43 वर्षांच्या माणसाला टोकियो विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आणि त्याने नेमकी ही कुंडीच अभ्यासाला घेतली. गर्दी असेल तिकडे जायचं नाही, हा त्याचा स्वभाव. मला हा माणूस फार आवडतो, खोटं कशाला सांगू.

थांबा, त्या कुंडीत काय चालतं ते कळायला आधी सोन्याची मोड म्हणजे काय ते सांगतो. 1972 चा दुष्काळ. आमच्या आत्याचं लग्न ठरलेलं आणि घरात दमडी नाही. माझ्या आईने झिजलेल्या पाटल्या, तुटकी नथ, वाकडी बुगडी असं सगळं फडक्यात बांधलं, पुरचुंडी केली आणि सोनाराकडे पाठवली. त्याने ते मुशीत वितळवलं, त्यातून आत्याचं मंगळसूत्र घडलं. सोनं तेच, डाग नवा.

उपाशी पेशी हेच करते. आपलीच जुनी, मोडकी प्रथिनं पुरचुंडीत बांधते आणि रिक्तिकेत पाठवते. तिथली विकरं, म्हणजे आपले सोनार, प्रथिनांची अमिनो आम्लं करतात. त्यांतून अडीनडीची नवी प्रथिनं घडतात. याला स्वभक्षण म्हणतात. त्याचं इंग्रजी नाव, ऑटोफॅजी, बेल्जियमच्या क्रिस्तियां द दूव्ह यांनी 1963 सालीच ठेवलं होतं. पण बारसं झालं तरी बाळ कुणाच्या हाती लागेना. हे काम कोणती जनुकं करतात, कुणालाच ठाऊक नव्हतं.

का? कारण सोनार फार चपळ. पुरचुंडी दुकानात पोचली की बघता बघता वितळली. सूक्ष्मदर्शकात डोळा लावून बसलं तरी दिसणार काय?

ओसुमींनी काय करावं? सोनाराला रजा दिली! ज्या यीस्टच्या रिक्तिकेत ती विकरंच नाहीत, असं यीस्ट घेतलं आणि त्याचा नायट्रोजन तोडून उपाशी ठेवलं. पुरचुंड्या तर येतच राहिल्या, वितळवणारा मात्र कुणी नाही. काही तासांत ती ‘रिकामी’ पिशवी बारीक बारीक गोळ्यांनी गच्च भरली. गोळे आत नुसते नाचत होते. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून हे दिसलं, बरं का. ओसुमी ते कितीतरी वेळ बघत बसले होते म्हणे.

पण खरी अक्कल पुढची आहे. त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा आणि ते, दोघांनी रसायन लावून यीस्टच्या जनुकांत मुद्दाम बिघाड केले. मग एकेक बिघडलेलं यीस्ट उपाशी ठेवून बघायचं. सोनार रजेवर, उपासही चालू, तरी दुकानात एकही पुरचुंडी नाही? म्हणजे घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर कुणीतरी कामचुकार आहे. जे जनुक बिघडलंय, तेच या कामाचं! 1993 पर्यंत अशी 15 जनुकं सापडली. जर्मनीत आणि अमेरिकेत इतर मंडळी हाच माग काढत होती. प्रत्येकाने आपापली नावं ठेवली. घरी बंड्या, शाळेत श्रीपाद, आजोळी बाळू, तसा घोळ झाला. शेवटी 2003 साली सगळ्यांनी मिळून एकच आडनाव ठरवलं, एटीजी. आज हे घराणं चाळिशीपार गेलंय.

कोण काय करतं? सगळ्यांची नावं सांगत बसलो तर पीठ उतू जाईल. टॉर नावाचा एक कारभारी आहे. पेशीचं पोट भरलेलं असेतो तो एटीजी-13 वर फॉस्फेटच्या चिकट्या लावून त्याला गप्प बसवतो. अन्न संपलं की टॉर ढेपाळतो, चिकट्या गळतात, आणि एटीजी-13, एटीजी-1 वगैरे मंडळी रिक्तिकेजवळ गोळा होतात. एटीजी-9 पापुद्र्याचे पहिले तुकडे आणतं, एटीजी-2 त्यात चरबी ओततं. मग पापुद्रा वाढतो, थेट मोदकाच्या पारीसारखा: आधी पसरट, मग वाटीसारखा खोल, शेवटी कडा जुळून बंद. फक्त पारी दुपदरी, आणि सारण कुणी भरत नाही, आसपास असेल ते आत सापडतं.

माझं लाडकं मात्र एटीजी-8. एटीजी-4 आधी त्याचं शेपटाचं टोक छाटतं. एटीजी-7 त्याला उचलून एटीजी-3 च्या हाती देतं, आणि एटीजी-3 ते चरबीच्या कणाला जोडतं. प्रथिन चरबीला असं टाचलेलं पाहून ओसुमींची प्रयोगशाळाही चकित झाली असणार. एटीजी-8 जितकं जास्त, तितकी पुरचुंडी मोठी. आणि गंमत बघा, ज्या एटीजी-4 ने शेपूट छाटलं तेच पुढे टाके उसवून एटीजी-8 ला पुन्हा कामाला लावतं. एकच कात्री, दोन कामं.

पुरचुंडी रिक्तिकेला भिडली की बाहेरचा पदर रिक्तिकेच्या भिंतीत मिसळतो, आतला पदर मालासकट आत घरंगळतो. नाचणारे गोळे म्हणजे तेच.

याच कामासाठी 2016 साली ओसुमींना एकट्यांना नोबेल मिळालं.

आपल्यात आहे का हे? आहे तर. या एटीजी मंडळींचे भाऊबंद उंदरांत आहेत, आपल्यात आहेत. उंदराचं पिल्लू जन्मतं, नाळ तुटते, दूध अजून मिळायचं असतं. मधले तास ते स्वतःचीच मोड करून काढतं. एटीजी-5 नसलेली पिल्लं एका दिवसाच्या आत दगावली, असं जपानी मंडळींनी 2004 साली दाखवलं.

अगं, झाकण उघडू नको इतक्यात... बरं, बघ. दुप्पट झालंय ना? नाही, यांना भूक नाही लागलेली. आईने साखर घातलीय, आज मोड बंद.

ओव्हनमध्ये गेल्यावर यांचं काय होतं? माझा चष्मा कुठे ठेवला मी?