साखर सारखी, डोळे निराळे

इन्सुलिनवर ५० वर्षे काढलेल्या मधुमेहींना बॉस्टनचे जोस्लिन डायबेटिस सेंटर १९७० पासून पदक देत आले आहे. इतकी वर्षे साखरेचा मारा सोसल्यावर डोळ्याचा पडदा शाबूत राहील, असे कुणाला वाटणार नाही. पण अशा ३५१ पदकधारकांच्या तपासणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतल्या ४२ टक्क्यांहून अधिक जणांना डायबेटिक रेटिनोपॅथीची, म्हणजे मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजाराची, प्रगत अवस्था आलेलीच नव्हती. याहून विलक्षण गोष्ट अशी, की बचावलेल्यांची शुगर इतरांपेक्षा अधिक ताब्यात होती, असेही आढळले नाही.

शुगरचे महत्त्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. काटेकोर नियंत्रणाने टाइप १ मधुमेहात पडद्याचा आजार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या चाचणीने १९९३ मध्येच दाखवले. तरी थोडे कोडे उरतेच, आणि तिथे आनुवंशिकता पुढे येते. लंडनच्या लेस्ली आणि पाइक या डॉक्टरांनी १९८२ साली एकसारख्या जुळ्यांचे डोळे तपासले. दोघांनाही टाइप २ मधुमेह असलेल्या ३७ जोड्यांपैकी ३५ जोड्यांत दोघांच्या पडद्यांची गत जवळपास एकच होती!

हे घडते कसे? वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या बिघडतात, काही भागांना प्राणवायू पुरेनासा होतो आणि पडदा नव्या वाहिन्यांसाठी रासायनिक हाका देऊ लागतो. त्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. ही हाक किती जोरात द्यायची, यात जनुकांचा हात असतो. अशीच एक हाक म्हणजे एरिथ्रोपोएटिन. तांबड्या पेशी वाढवणारे हे संप्रेरक पडद्यातही तयार होते. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांना त्याच्या जनुकाच्या नियंत्रक भागात एका अक्षराचा फरक सापडला. त्या अक्षराच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असल्या, तर मधुमेह नसलेल्यांच्या डोळ्यातही हे संप्रेरक दोन्ही प्रती बिनधोक असलेल्यांच्या साडेसात पट आढळले. एवढ्याशा बदलाचा एवढा परिणाम थक्क करतो. मात्र असे एकटे जनुक निकाल लावत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा भार एकत्र येतो.

संरक्षणाची बाजू मला अधिक मोलाची वाटते. पदकधारकांपैकी ज्यांचे पडदे चांगले राहिले, त्यांच्या डोळ्यांत आरबीपी-३ हे प्रथिन जास्त असल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. प्रकाश टिपणाऱ्या पेशीच ते बनवतात. उद्याचे औषध कदाचित या भाग्यवंतांच्या डोळ्यांतूनच मिळेल.

कुणाचा पडदा टिकेल हे खात्रीने सांगणारी जनुकीय चाचणी आज नेहमीच्या उपचारांत नाही. पण घराण्याची माहिती हाताशी असते. चेन्नईत डॉ. रेमा मोहन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले, की पडद्याचा आजार असलेल्या मधुमेहीच्या मधुमेही भावंडांना तोच आजार असण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट असते. सुरुवातीला हा आजार दुखत नाही, नजरही कमी होत नाही. म्हणून घरात एकाला या आजारासाठी डोळ्यात लेसर करून घ्यावे लागले, तर मधुमेह असलेल्या बाकीच्या भावंडांनी त्याच महिन्यात थेंब घालून पडदा तपासून घ्यावा.