टाइलची छटा : दोष की स्वभाव?

दिवाणखान्याची फरशी जवळजवळ बसून होते आणि शेवटच्या कोपऱ्यात दोन खोके कमी पडतात. त्याच दुकानातून, त्याच नावाची टाइल मागवली जाते. ती बसल्यावर मात्र खिडकीपाशी एक पट्टा निराळा दिसू लागतो. घरमालक म्हणतो, ‘माल बदलला.’ दुकानदार म्हणतो, ‘माल तोच आहे.’ अशा वादात बहुधा दोघेही खरेच बोलत असतात.

टाइल म्हणजे भाजलेली माती. माती, झिलईचे रसायन आणि सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअसची भट्टी यांपैकी एकातही किंचित फरक पडला, तरी छटा बदलते. भट्टीत टाइल आकसते, म्हणून मापातही सूक्ष्म भेद पडतो. गुजरातमधील मोरबीसारख्या मोठ्या उत्पादनकेंद्रातही भाजणीनंतर मालाची छटेनुसार व मापानुसार वर्गवारी करावीच लागते. ही वर्गवारी आणि बॅच क्रमांक खोक्यावर छापलेले असतात. डिझाइनचे नाव एकच असले, तरी बॅच निराळी असल्यास रंग जुळेलच असे नाही. माप निराळे असल्यास सांधेही सरळ येत नाहीत.

काही भेद मात्र हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. संगमरवर वा लाकडाचा आभास देणाऱ्या टाइलवर प्रत्येक नगाची नक्षी वेगळी असते. यासाठी व्ही-१ ते व्ही-४ अशी श्रेणी वापरतात. व्ही-१ म्हणजे जवळजवळ एकसारखी, तर व्ही-४ म्हणजे नगागणिक ठळक फरक असलेली टाइल. दुकानातील एकाच नमुन्यावरून व्ही-४ची निवड करणे म्हणजे एका दाण्यावरून पोत्याचा भाव ठरवणे होय. किमान सात-आठ नग जमिनीवर मांडून, दिवसाच्या उजेडात पाहावेत.

पोताचाही विचार हवा. चकचकीत पृष्ठभाग खोली उजळ करतो. पण ओला झाल्यावर निसरडा होतो. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, तेथे न्हाणीघरात खरखरीत पोतच योग्य. मात्र फार खोल पोतात मळ साचतो. स्वयंपाकघरात तो पुसता पुसता गृहिणीचे हात दुखतात.

आता हिशेब. २०० चौरस फुटांच्या खोलीत कापकाम व तुटफुटीसाठी १० टक्के वाढ धरल्यास २२० चौरस फूट माल लागतो. दोन फूट बाय दोन फुटांच्या चार टाइल एका खोक्यात असतील, तर एका खोक्यात १६ चौरस फूट. म्हणजे १४ खोके. पुढील दुरुस्तीसाठी एक जादा धरून १५ खोके एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्यावेत. बॅच, छटा व माप बिलावर लिहून घ्यावे. कारागिराने तीन-चार खोक्यांतील नग मिसळून आधी कोरडेच मांडावेत. एकदा टाइल बसली, की छटेची तक्रार सहसा ऐकली जात नाही.

जे कुटुंब स्वतःच या व्यापारात आहे, त्यानेही हे सारे विक्रीपूर्वीच ग्राहकाला सांगावे. आधी सांगितलेला फरक हा मालाचा स्वभाव ठरतो. तोच नंतर सांगितला, तर सबब वाटते. बिलावरची एक ओळ पैसा वाचवते आणि पिढ्यानपिढ्यांचा ग्राहकही राखते.