फारसीची मधली यत्ता

विद्यापीठातल्या फारसीविषयी बोलताना आपण दोनच टोकांचा विचार करतो. एका टोकाला अलिफ, बे, पे गिरवून मिळवलेले प्रमाणपत्र असते आणि दुसऱ्या टोकाला हाफिजवर प्रबंध लिहिणारा पंडित. या दोहोंच्या मधला विद्यार्थी कुणाच्या खिजगणतीत नसतो. त्याला व्याकरण अंगवळणी पडलेले असते, कोश उघडून साधे गद्य वाचता येते आणि दफ्तरातला कागद चिकाटीने लावता येतो. धाराशिव जिल्ह्याला गरज आहे ती या मधल्या यत्तेचीच. पंडित दहा वर्षांतून एखादा निपजला तरी चालेल, प्रमाणपत्रवाल्याचा दफ्तरखान्यात उपयोग नाही. पण मधल्या यत्तेचे वाचणारे नसतील तर कागद नुसते कपाटात राहतात.

कंपनी सरकारने आपल्या मुलखातून फारसीला 1837 मध्ये रजा दिली. धाराशिव ज्यात होते त्या हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मात्र तिची जागा उर्दूने घेतली ती 1884 च्या सुमारास. म्हणजे कंपनीच्या मुलखापेक्षा या भागात फारसी जवळपास अर्धे शतक जास्त टिकली, आणि त्याआधी आदिलशाही, निजामशाही व मोगल अंमलात तिची सद्दी होतीच. नळदुर्गला बोरी नदीवरच्या पाणी महालाचा शिलालेख फारसीत आहे. पण दगड फार तर पर्यटकाला उपयोगी. खरा ऐवज कागदांत आहे. मराठवाड्यात आजही इनाम जमिनीचा वाद निघाला की अतियात, मुंतखब, मदतमाश, खिदमतमाश हे शब्द वकिलांच्या तोंडी येतात, आणि देवस्थान असो की दर्गा, हक्काचे मूळ शोधत गेले की एखादी जुनी सनद पुढे येते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांची किती वाण आहे हे साऱ्या महाराष्ट्राला कळले.

यावर जाणकार लगेच म्हणतील की 1884 नंतरचे दफ्तर उर्दूत आहे आणि गावपातळीवरचे बरेचसे मोडीत. मग फारसी कशाला? आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. निजामी कचेरीची उर्दू ही बाजारातली उर्दू नव्हती. तिची क्रियापदे तेवढी उर्दू. संज्ञा, समास आणि मायने सगळे फारसी वळणाचे. तारखेचेच पाहा. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई. पुढे दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी नावे येत आणि आबानला वर्ष संपे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदात फसली सनात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 591. पोलीस कारवाईचा सप्टेंबर 1948 हा त्यामुळे 1357 फसलीचा ठरतो. हे ठाऊक नसलेला वाचक एकाच वर्षातल्या दोन नोंदी वेगळ्या सालांत टाकतो, आणि वारसाच्या भांडणात एक वर्षाचा फरकही पुरेसा असतो.

मधल्या यत्तेत नेमके काय घडते, ते लिपीत पाहावे. छापील पुस्तकात बे, पे, ते, नून आणि ये यांचे शब्दाच्या मध्यातले रूप एकसारखे, दातासारखे असते. फरक फक्त नुक्त्यांचा. शिकस्ता या धावत्या वळणात लिहिणारा मुनशी घाईत नुक्तेच गाळतो आणि एकमेकांना चिकटू नयेत अशी अक्षरेही जोडून टाकतो. मग एका दाताची पाच वाचने संभवतात. त्यांतले बरोबर कोणते, हे डोळा सांगत नाही, व्याकरण सांगते: इथे क्रियापद हवे की नाम, दोन नामांना जोडणारी, लिहिली न जाणारी इजाफत इथे येते की नाही. म्हणूनच नुसती मुळाक्षरे शिकवून वाचक तयार होत नाही. वसुलाच्या हिशेबात सियाक आकडे आले की आणखी पंचाईत, कारण ते आकडे नसून अरबी संख्यावाचक शब्दांची आक्रसलेली रूपे असतात. आजची तेहरानी क्रमिक पुस्तके यातले काही शिकवत नाहीत. त्यांचा विद्यार्थी विमानतळावर चहा मागायला शिकतो. त्यात वाईट काही नाही, पण नळदुर्गच्या कागदाला ती फारसी पुरत नाही.

दुसरा आक्षेप असा की महत्त्वाचे सारे मराठीत आले आहे. ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड संपादले. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी मोगल इतिहासाची साधने मराठीत आणली. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, 1925 मध्ये फारसी-मराठी कोश दिला. हे ऋण मोठे आहे. पण ही मंडळी बहुतांशी इतिहासग्रंथ, दरबारी अखबार आणि राजकीय पत्रव्यवहार यांच्या मागे होती, आणि ते योग्यच होते; कळंब-भूमच्या इनामाचा कागद त्यांच्या वाटेत येण्याचे कारण नव्हते. शिवाय जूलियन फर्ग्युसन आणि राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवत होते, म्हणजे त्यांच्यापुढे दर वर्षी वर्ग बसत होता. तसा वर्ग मोडल्यावर पुढचा खरे, पुढचा पगडी कुठून यावा?

फारसी एका धर्माची भाषा आहे, या आक्षेपाला फार जागा देण्याची गरज नाही. औरंगजेबाच्या दक्षिण स्वारीचा आतला वृत्तांत लिहिणारा भीमसेन सक्सेना कायस्थ होता, आणि असे असंख्य हिंदू मुनशी सादीचा ‘गुलिस्ताँ’ घोकूनच चाकरीला लागले. साहित्य आणि संस्कृतीचा तास अभ्यासक्रमात हवा तो यासाठीच. मुनशीच्या पत्रातला अर्धा मजकूर त्याने लहानपणी पाठ केलेल्या पुस्तकांतून येतो आणि ती पुस्तके न वाचलेल्याला पाल्हाळ कोणता व मुद्दा कोणता हे उमगत नाही. यंत्राने भाषांतर होईल ही आशा छापील मजकुरापुरती खरी आहे. नुक्ते गाळलेल्या शिकस्ता ओळीवर यंत्राने दिलेले वाचन तपासायला कुणीतरी लागणारच, आणि न्यायालयात त्या वाचनाखाली सही माणसाचीच लागते.

नोकरीचा प्रश्न मात्र खरा आहे. केवळ फारसीवर पोट भरेल असे विद्यार्थ्याला सांगणे फसवणूक ठरेल. इतिहास, कायदा किंवा उर्दू शिकणाऱ्याला जोडविषय म्हणून चार सत्रे फारसी देणे, हा त्यातला व्यवहार्य मार्ग दिसतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाली-प्राकृताबरोबर फारसीचे नाव घेतले आहे, आणि मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवलाच आहे. पहिली दोन सत्रे छापील गद्य आणि व्याकरण, तिसऱ्यात ‘गुलिस्ताँ’मधल्या निवडक हिकायती, चौथ्यात शिकस्ता, सियाक आणि फसली-हिजरी-शुहूर सनांचे गणित, एवढे जमले तरी पुष्कळ. अडचण शिक्षकाची येईल, कारण साहित्य शिकवणाऱ्याला बहुधा दफ्तर येत नाही आणि दफ्तर वाचणारा बहुधा पदवीधर नसतो. तिथे दोघांना एकाच वर्गावर नेमावे लागेल, आणि दुसऱ्याच्या मानधनाची तरतूद नियमात कुठे बसते हे आधी पाहावे लागेल.