सेफ इन्स्टॉल करायची पानं ताजी ठेवताना

आधी सेफची ओळख

अनेक साध्या सर्व्हरमधल्या डिस्क एकत्र बांधून त्यांचं एकच मोठं कोठार करणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे सेफ. सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा क्रूझ इथल्या शाखेत पीएचडीसाठी केलेल्या कामातून ते जन्मलं. प्रबंध २००७ चा, तर ‘आर्गोनॉट’ ही पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०१२ ची. सेफ हे नाव सेफॅलोपॉडवरून, म्हणजे माकूळ आणि अष्टपाद यांच्या कुळावरून आलं. आवृत्त्यांची नावंही त्याच कुळातली आणि इंग्रजी वर्णक्रमाने ठेवलेली आहेत, त्यामुळे नाव ऐकलं की आवृत्ती जुनी की नवी याचा अंदाज येतो.

अशा कोठारात लोकांचा डेटा असतो. ते उभारताना वाचायच्या पानातली एक चुकीची ओळ साध्या ॲपच्या माहितीतल्या चुकीपेक्षा फार महागात पडते.

२०२० साली काय बदललं

मार्च २०२० मध्ये ‘ऑक्टोपस’ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत सेफ इन्स्टॉल करायचं सेफॲडम हे नवं साधन आलं. त्याआधी बरेचजण सेफ-डिप्लॉय वापरत. सेफॲडम सेफचे सगळे डीमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम, कंटेनरमध्ये चालवतं. पहिल्या यंत्रावर बूटस्ट्रॅपची एक कमांड दिली की मॉनिटर आणि मॅनेजर हे डीमन उभे राहतात, एसएसएच किल्ली तयार होते, आणि बाकीची यंत्रं मागाहून जोडता येतात. कुबर्नेटिसवर चालवायचं असेल तर रूक वापरायचं.

म्हणजे इन्स्टॉलेशनची पद्धतच पालटली. जुनी पानं नुसती काढून टाकली असती, तरी जुन्या सूचनांच्या प्रती इतरत्र सापडतच राहिल्या असत्या. सेफच्या डॉक्समध्ये सेफ-डिप्लॉयविषयी स्पष्ट नोंद केलेली आहे: त्याची देखभाल आता होत नाही, ‘नॉटिलस’नंतरच्या आवृत्त्यांवर ते तपासलेलं नाही, आणि सेंटओएस ८ वर ते चालत नाही. वाट बंद झाली असेल तर तिच्या तोंडाशीच तशी पाटी हवी, आणि ही नोंद ते काम करते.

एका कमांडचे परिणाम

सेफमध्ये साधारणपणे एका डिस्कमागे एक ओएसडी, म्हणजे त्या डिस्कवरचा डेटा सांभाळणारा डीमन, असतो. उपलब्ध असलेल्या सगळ्या डिस्कवर ओएसडी बनवण्यासाठी एक सोपी कमांड आहे. वाचणाऱ्याला वाटतं, आज आहेत तेवढ्या डिस्क घेतल्या आणि काम संपलं. पण तो कायमचा हुकूम असतो. महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी कुणी कोरी डिस्क लावली, तर तिच्यावरही आपोआप ओएसडी बनतो. एखादा ओएसडी काढून त्याची डिस्क साफ केली, तर तिच्यावर पुन्हा नवा उभा राहतो. मध्यरात्री खराब डिस्क बदलणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलेलं नसेल, तर त्याचा पुरता गोंधळ उडतो.

सेफच्या डॉक्समध्ये आज हे परिणाम कमांडच्या शेजारीच लिहिलेले आहेत. ही आपोआप चालणारी कृती थांबवायची तर ‘अनमॅनेज्ड’ पर्याय कसा द्यायचा, तेही आहे. डिस्क ‘उपलब्ध’ कधी मानली जाते, याच्या अटीही दिल्या आहेत: पार्टिशन नको, एलव्हीएमची खूण नको, फाइलसिस्टिम नको, डिस्क माउंट केलेली नको, जुना ओएसडी नको, आणि आकार ५ जीबीहून मोठा हवा. माझ्या मते डॉक्समधली सर्वांत मोलाची दुरुस्ती अशी असते. नुसती कमांड तर मदतीच्या पडद्यावरही सापडते. ती दिल्यावर उद्या काय होईल, हे डॉक्सनेच सांगायला हवं.

कुठल्या आवृत्तीचं पान?

प्रत्येक आवृत्तीची डॉक्स वेगळी असतात. ‘लेटेस्ट’ असं लिहिलेलं पान विकासाधीन आवृत्तीचं असतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पानाच्या माथ्यावर तशी सूचना असते, ती वाचूनच पुढे जावं. दुरुस्ती करणाऱ्यालाही हे भान लागतं. बदल आधी मुख्य शाखेत जातो आणि मग बॅकपोर्ट करून चालू आवृत्त्यांच्या शाखांत न्यावा लागतो. ते राहिलं, तर प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हाती जुनीच ओळ पडते.

सोबतच्या सॉफ्टवेअरची आवृत्तीही नेमकी लिहावी लागते. ‘पॅसिफिक’ आवृत्तीसाठी कंटेनर चालवणारं पॉडमन वापरायचं तर ते २.०.० किंवा त्यापुढचं लागतं, पण २.२.१ चालत नाही. ‘नवं पॉडमन घ्या’ एवढंच लिहिलं असतं, तर २.२.१ वाला बिचारा दिवसभर आपलीच चूक शोधत बसला असता.

कोऱ्या यंत्रावर तपासा

लिहिणाऱ्याच्या यंत्रावर सगळं आधीच असतं, म्हणून सुटलेली पायरी त्याला दिसत नाही. सेफॲडमला पायथन ३, सिस्टमडी, पॉडमन किंवा डॉकर, एलव्हीएम२ आणि घड्याळं जुळवणारं क्रोनीसारखं काही तरी लागतं. घड्याळाची गोष्ट किरकोळ वाटते, पण मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदांहून जास्त फरक पडला की सेफ इशारा देतं. म्हणून नवी आभासी यंत्रं घ्यावीत, पान उघडावं आणि लिहिलं आहे तेवढंच करावं. मनाने एकही कमांड घालू नये. जिथे अडाल, तिथे डॉक्समध्ये भोक आहे.

दुरुस्ती कशी पाठवायची

सेफची डॉक्स मूळ कोडच्याच गिट भांडारात, ‘डॉक’ या फोल्डरमध्ये आहेत. मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये लिहिलेला असतो आणि स्फिंक्स त्याची पानं बनवतं. ती आपल्या यंत्रावर बनवून पाहायची स्क्रिप्टही तिथेच मिळते. कमिटच्या शीर्षकाची सुरुवात ‘डॉक’ने करायची आणि खाली आपल्या नावाचं साइन-ऑफ द्यायचं.

यासाठी सी++ यायलाच हवं असं नाही. सेफॲडममध्ये एकाच यंत्रावर सराव करण्यासाठी वेगळा पर्यायही आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, सुट्टीत एकदा सेफ उभारून पाहा. ज्या ओळीवर अर्धा तास गेला, ती दुरुस्त करून पाठवा.