मेकअपचं कार्ड बाईला का नको?

मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप आणि केशरचना करणाऱ्यांच्या संघटनेचा दंडक होता : मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषालाच. बाईनं फार तर हेअरड्रेसर व्हावं. रीतसर शिकलेल्या, हातात कसब असलेल्या बायकाही कार्डाविना अडून राहत. त्यांना मेकअप करू दिला तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, असं संघटनेचं म्हणणं. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा नियम रद्द केला.

असले नियम उघडपणे लिहून ठेवलेले असत. एअर इंडियात हवाई सुंदरीची नोकरी साधारणपणे पस्तिशीत संपे; पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच. त्याच विमानातले पुरुष पर्सर मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत. १९८१ मध्ये न्यायालयानं गरोदरपणाची अट मोडीत काढली. लग्नाची अट तेवढी कायम ठेवली!

पगाराचा झगडा वेगळा. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. कंपनीनं युनियनशी झालेला करार पुढे केला, आर्थिक ओढाताणही सांगितली. १९७६ च्या समान वेतन कायद्यापुढे यातलं काहीच टिकत नाही, असा निकाल १९८७ मध्ये लागला.

पुढचा पेच अर्जातल्या चौकटींचा. २०२२ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ एवढेच पर्याय होते. तृतीयपंथी उमेदवारांनी दाद मागितली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं कान उपटल्यावर सरकारनं तिसरा पर्याय द्यायचं कबूल केलं. खरं तर २०१९ च्या कायद्यानं नोकरी, भरती आणि बढतीत तृतीयपंथीयांशी भेदभाव करायला आधीच मनाई केली होती. ती खासगी आस्थापनांनाही लागू आहे.

समलिंगी कर्मचाऱ्यांसाठी मात्र असं कलम नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरच्या २०१८ च्या निकालानं त्यांच्या माथ्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. राज्यघटनेतल्या लिंगभेदाच्या मनाईत लैंगिक कलही येतो, हा विचार न्यायालयांनी उचलून धरला. पण सरकारी नोकरीतल्या समान संधीचा घटनेतला हक्क खासगी मालकाला थेट बांधत नाही. काही मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून धोरणं आखली आहेत. एरवी कल कळल्यावर बढती अडली किंवा घरी बसवलं गेलं, तर नेमकं कोणत्या कलमावर बोट ठेवायचं, इथंच वकिलाची पंचाईत होते.