बुर्बाकी, कोसंबी आणि आंद्रे वेय : अलिगढच्या दोन वर्षांची गोष्ट

गोव्यात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव इतिहासकार म्हणून आदराने घेतले जाते. पणजीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सवही भरतो. मात्र कोसंबी यांचा पेशा गणिताचा होता, हे अनेकदा विसरले जाते. त्यांच्या उमेदीच्या काळातील एका छोट्या शोधनिबंधाशी विसाव्या शतकातील एका थोर फ्रेंच गणितज्ञाची कहाणी जोडली गेली आहे. हा गणितज्ञ म्हणजे आंद्रे वेय.

वेय यांचा जन्म ६ मे १९०६ रोजी पॅरिसमध्ये एका ज्यू डॉक्टरांच्या घरी झाला. तत्त्वचिंतक म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या सिमोन वेय या त्यांच्या धाकट्या भगिनी. आंद्रे अवघ्या सोळाव्या वर्षी पॅरिसच्या ‘एकोल नॉर्माल’ या नामांकित संस्थेत दाखल झाले. गणिताबरोबरच त्यांना संस्कृतची ओढ लागली. सिल्व्हाँ लेव्ही या प्राच्यविद्यापंडितांकडे ते संस्कृत शिकले आणि भगवद्गीता मुळातून वाचू लागले. १९२८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधातील मुख्य प्रमेय आज ‘मॉर्डेल-वेय प्रमेय’ म्हणून ओळखले जाते.

लेव्ही यांच्यामुळेच त्यांना भारताची वाट सापडली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू सय्यद रॉस मसूद यांनी या तरुणाला गणित विभागाचे प्रमुखपद देऊ केले. १९३० च्या आरंभी वेय अलिगढला पोहोचले, तेव्हा त्यांचे वय होते २३ वर्षे. आधीच्या अध्यापकांची पात्रता जोखून विभाग नव्याने उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले होते. माणसे निवडताना त्यांनी पदव्यांपेक्षा बुद्धीची पारख केली. ऑक्सफर्डला जी. एच. हार्डी यांच्या मार्गदर्शनाखाली काम केलेले टी. विजयराघवन अलिगढला आले. पाठोपाठ, हार्वर्डमधून पदवी घेऊन काशी हिंदू विद्यापीठात शिकवत असलेले कोसंबीही १९३१ साली आले. ते वेय यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान होते.

याच सहवासात एक गंमत घडली. एका सहकाऱ्याशी कोसंबी यांचे बिनसले होते. त्याची फिरकी घेण्यासाठी वेय यांनी त्यांना एक युक्ती सुचवली. कोसंबी यांनी ‘बुर्बाकी यांच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला आणि तो संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापून आला. त्यातील गणित खरे होते, परंतु ज्याच्या नावावर ते प्रमेय मांडले होते, तो रशियन गणितज्ञ मुळी अस्तित्वातच नव्हता. बुर्बाकी हे नाव होते एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच सेनापतीचे. एकोल नॉर्मालच्या एका विद्यार्थ्याने नवागतांची थट्टा करण्यासाठी खोट्या व्याख्यानात ते वापरले होते, आणि वेय यांच्या ते लक्षात राहिले होते.

पुढे हे नाव अजरामर झाले. फ्रान्सला परतल्यावर वेय १९३३ पासून स्ट्रासबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. तेथील सहकारी आंरी कार्तां आणि इतर तरुण मित्रांसह १९३४ च्या डिसेंबरात त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तके नव्याने लिहिण्याचे ठरवले. पहिल्या महायुद्धाने फ्रान्समधील गणितज्ञांची एक पिढीच कापून काढली होती. जुने शिक्षक आणि नवे विद्यार्थी यांच्यामधला दुवा हरवला होता. तो सांधण्यासाठी या मंडळींनी सामूहिक लेखन आरंभले आणि त्यावर लेखक म्हणून ‘निकोला बुर्बाकी’ हे काल्पनिक नाव घातले. संच या संकल्पनेपासून आरंभ करून सारे गणित तर्कशुद्ध क्रमाने मांडायचे, ही त्यांची पद्धत. शाळेच्या पुस्तकात रिक्त संचासाठी दिसणारे, आडव्या छेदाच्या शून्यासारखे चिन्ह नॉर्वेजियन लिपीतून आपणच उचलले, असे वेय यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. या बुर्बाकीचे नाव गणिताच्या नियतकालिकात सर्वप्रथम झळकले ते मात्र पॅरिसमध्ये नव्हे, तर एका गोमंतकीयाच्या निबंधात.

अलिगढचा प्रयोग तोवर मोडीत निघाला होता. विजयराघवन ढाक्याला गेले. १९३२ मध्ये वेय यांचीही नोकरी गेली. कोसंबी काही काळानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. जमलेली मंडळी दोन-तीन वर्षांत पांगली.

वेय यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त पर्व १९३९ मध्ये सुरू झाले. युद्ध पेटले तेव्हा ते फिनलंडमध्ये होते आणि सैन्यात दाखल होण्यासाठी मायदेशी परतायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. गणित हाच आपला स्वधर्म, अशी त्यांची गीतेच्या आधारे केलेली धारणा होती. गीता अर्जुनाला युद्धापासून परावृत्त करत नाही, हे लक्षात घेता ही धारणा अनेकांना पटणारी नव्हती. फिनलंडमध्ये हेर असल्याच्या संशयावरून त्यांना अटक झाली. तेथून रवानगी झाल्यावर अखेर ते फ्रान्समधील रूआँच्या तुरुंगात पोहोचले.

या कोठडीत १९४० च्या वसंतात त्यांना आपल्या सर्वांत मोठ्या सिद्धतेचा मार्ग दिसला. तिचे स्वरूप घड्याळाच्या गणिताने समजू शकते. घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तासांनी तीन वाजतात. म्हणजे बारा झाले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाराऐवजी १०१ ही मूळ संख्या घेतली आणि या चक्राकार मोजणीत क्ष व य या दोन अक्षरांचे एखादे समीकरण मांडले, तर त्याच्या उत्तरांच्या किती जोड्या मिळतील? यचा वर्ग एका बाजूला आणि क्षची तिसऱ्या घातापर्यंतची राशी दुसऱ्या बाजूला, अशा सर्वसाधारण समीकरणाला ८१ ते १२१ या मर्यादेतच उत्तरे मिळतात. १०१ पासूनचे अंतर १०१ च्या वर्गमुळाच्या दुपटीहून अधिक होत नाही. या प्रकारापुरता नियम जर्मन गणितज्ञ हास्से यांनी आधीच सिद्ध केला होता. तसाच नियम अशा सर्व वक्रांना लागू पडतो, हे वेय यांनी दाखवले. त्याची संपूर्ण सिद्धता १९४८ मध्ये ग्रंथरूपाने आली.

तुरुंगातून २६ मार्च १९४० रोजी त्यांनी सिमोन यांना एक दीर्घ पत्र लिहिले. गणिताच्या तीन शाखा म्हणजे तीन भाषांत कोरलेला एकच शिलालेख. प्रत्येक भाषेतला मजकूर तुटक आहे, पण एकीतील ओळींवरून दुसरीतील गळालेले शब्द शोधता येतात, असा त्याचा आशय होता. एकच भाषा अनेक लिप्यांत वाचणाऱ्या गोमंतकीयांना ही कल्पना सहज उमगावी.

मे महिन्यात न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. सैन्यात जाण्याचे मान्य केल्यामुळे तिची अंमलबजावणी टळली. १९४१ मध्ये वेय अमेरिकेला पोहोचले. साओ पावलो आणि शिकागो येथील अध्यापनानंतर १९५८ पासून ते प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत होते. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेल्या अनुमानांनी गणिताला पाव शतक कामाला लावले. त्यांतील अखेरचे आणि सर्वांत अवघड अनुमान पियर देलिन्य यांनी सत्तरच्या दशकात सिद्ध केले. ६ ऑगस्ट १९९८ रोजी वेय यांचे निधन झाले.

कोसंबी यांच्या वाट्याला असे मंडळ आले नाही. १९३३ मध्ये त्यांच्या भूमितीविषयक निबंधाची दखल आंरी यांचे वडील, थोर भूमितिज्ञ एली कार्तां यांनी घेतली आणि त्यावर स्वतःचे टिपण त्याच जर्मन नियतकालिकात छापले. त्या सिद्धांताला आजही कोसंबी, कार्तां आणि चर्न या तिघांचे नाव आहे. इतक्या तोलाच्या गणितज्ञाने पुढील बारा वर्षे महाविद्यालयात शिकवली आणि १९४५ नंतर त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्थान मिळाले.

वेय यांना स्ट्रासबुर्ग आणि पॅरिसमध्ये जो चमू जमवता आला, तसाच एक चमू चार वर्षे आधी अलिगढला जमू लागला होता. बुद्धिमान माणसे निवडणे तेथे साधले. त्यांना टिकवून धरणे साधले नाही. विद्यापीठांची उभारणी करू पाहणाऱ्यांनी कोसंबी यांचे नाव घेताना हा हिशेबही ध्यानात ठेवावा.