उसाच्या सरीतून निघणारा वायू

उसाच्या दोन ओळींमधे तळ नसलेला पत्र्याचा डबा चार बोटं खोल दाबून बसवायचा, आत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची उघडी बाटली ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. चोवीस तासांत जमिनीतून वर येणारा कार्बन डायऑक्साइड सोडा शोषून घेतो. प्रयोगशाळेत बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटचा साका पाडतात आणि उरलेला सोडा आम्लाने मोजतात. जेवढा सोडा खर्ची पडला, त्या हिशेबाने वायू निघाला. आता इन्फ्रारेड किरणांवर चालणारी यंत्रं काही मिनिटांत आकडा देतात. आकडा काढणं सोपं झालं. तो वाचणं मात्र पूर्वीइतकंच अवघड आहे.

लखनौत रायबरेली रस्त्यावर १९५२ पासून भारतीय ऊस संशोधन संस्था आहे, आणि आकडा कसा वाचावा या प्रश्नासाठी तिथलं शिवार मोठं बोलकं आहे. जमीन गंगेच्या मैदानातल्या गाळाची, आणि या मैदानात सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. आपल्या काळ्या रानातली चिकणमाती कर्बाला घट्ट धरून ठेवते, सूक्ष्मजीवांच्या हाती सहज लागू देत नाही. पोयट्याच्या जमिनीत ही पकड सैल. त्यात हवामान टोकाचं: जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांवर, मे महिन्यात दुपारी चाळिशीवर.

डब्यातला वायू दोघांनी मिळून सोडलेला असतो: उसाच्या जिवंत मुळांनी आणि कुजणाऱ्या पदार्थावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी. मुळं जो कर्ब सोडतात तो पानांनी थोड्याच दिवसांपूर्वी हवेतून घेतलेला असतो. तो परत गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. जमिनीत कित्येक वर्षं साठलेला कर्ब जळत असेल तर मात्र तोटा खरा. बाटलीतल्या सोड्याला हा भेद कळत नाही.

आता वर्षभर एकच वावर पाहू. फेब्रुवारीत लावण होते तेव्हा माती गार असते, आकडा लहान. माती दहा अंशांनी तापली की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने मे महिन्यात कहर व्हायला हवा, पण होत नाही. वरचा थर कोरडा ठणठणीत झाला की उष्णता कितीही असो, सूक्ष्मजीव गप्प बसतात. मग पाणी दिलं की काही तासांत वायूचा लोंढा येतो. कोरड्या काळात मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष आणि ढेकळांत अडकलेला सेंद्रिय पदार्थ एकदम मोकळा होतो, आणि उरलेले त्यावर तुटून पडतात. १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर बर्च या संशोधकाने हे तपशिलात मांडलं; तेव्हापासून या उसळीला त्याचंच नाव आहे. म्हणजे पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला आकडा महिन्याचा म्हणून सांगितला, तर तो धादांत फसवा. दुपारी तापलेल्या मातीवर घेतलेला आकडा दिवसभराचा म्हणून सांगितला, तर त्याचंही तेच.

जुलैत पाऊस लागतो. मातीच्या पोकळ्यांपैकी साठेक टक्के पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा सूक्ष्मजीवांना पाणीही मिळतं आणि हवाही. त्याहून जास्त भरल्या की प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड घटतो. खूश व्हायचं कारण नाही. भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं तेव्हा त्याऐवजी मिथेन निघतो, आणि तो कितीतरी पटीने तापदायक.

खरी गंमत खोडव्यात आहे. ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास कर्ब. काडी लावली तर तो घटकाभरात हवेत जातो, सोबत बहुतेक नत्रही. नंतर तिथे डबा लावला, तर आकडा छान कमी येतो, कारण कुजायला काही उरलेलंच नसतं! शेजारच्या पाचट राखलेल्या वावरात आकडा जास्त दिसतो. पण तिथलं पाचट सावकाश कुजतं आणि त्यातला थोडा वाटा ह्यूमस होऊन मातीत राहतो. शिवाय पाचटाखालची माती गार राहते म्हणून कुजणं मंदावतं, आणि ओली राहते म्हणून वाढतं. कोणतं वरचढ ठरेल हे ऋतू ठरवतो. पाचटात एका भाग नत्राला शंभराच्या आसपास कर्ब असतो, म्हणून सूक्ष्मजीव मातीतलं नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचटावर युरिया टाकतात तो याचसाठी. त्या युरियाचाही हिशेब आहे: ४५ किलोचं एक पोतं मातीत फुटलं की त्यातूनच ३३ किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो.

नांगरटीबद्दल थोडक्यात. मातीच्या कणांच्या गाठींत दडलेला कर्ब नांगर उघडा पाडतो, त्याला हवा लागते, आकडा काही दिवस चढतो. खोडव्यात नांगर लागत नाही, एवढा त्याचा फायदा आहेच.

कमी आकडा म्हणजे चांगली जमीन, हा समज मोडायला लखनौ, उन्नाव, हरदोई भागातली ऊसर जमीन पुरेशी आहे. सोडियमने घट्ट झालेली, सामू नऊ-दहाच्या वर, पाणी मुरत नाही, गवत धड उगवत नाही. मुळं नाहीत, सूक्ष्मजीव मोजके, त्यामुळे वायूही नावापुरता. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं एक केंद्र लखनौत याच जमिनींवर काम करतं. उपाय असा, की जिप्सम घालून पाणी साठवायचं, सोडियम धुऊन खाली घालवायचा आणि भात लावायचा. मुळं पसरली की डब्यातला आकडा वाढू लागतो. या जमिनीत खाली चुनखडीचे खडे असतात, एरवी न विरघळणारे. मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनतो, त्यात चुनखडी थोडी थोडी विरघळते, आणि तिच्यातलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून हुसकावतं.